कॅमेरा म्हणजे भिंतीला काढलेली नवी खिडकी

आमची पोळ, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या घरांची जुनी गल्ली, बडोद्यात, दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला. (पुण्याहून येणारे पाहुणे 'आम्ही पोळीत राहतो' हे ऐकून अजून हसतात. हसू द्या.) गल्लीची रुंदी जेमतेम तीन मीटर. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने कोणाच्या तरी ओट्याला चिकटून थांबायचं, हा अलिखित नियम.

मागच्या दिवाळीआधी लागोपाठ दोन रात्री माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल कोणीतरी काढून नेलं. तिसऱ्या दिवशी मी कॅमेरा लावून घेतला. लावणारा पोरगा शिडीवरूनच आनंदाने ओरडला, "आखी पोळ आवी जशे, भाई!" अख्खी पोळ येईल. मलाही त्या वेळी त्याचं कौतुकच वाटलं.

समोरच्या काकू रोज दुपारी ओट्यावर बसून भाजी निवडतात. माझ्या आठवणीत तरी तीस वर्षं हे चाललंय. कॅमेरा लागल्यावर चार-पाच दिवसांत त्या ओट्यावर दिसेनाशा झाल्या. मला वाटलं गुडघे धरले असतील. एका संध्याकाळी दारातच विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्या त्या डोळ्यासमोर वाल सोलत बसायला नको वाटतं रे. आणि सूनबाई सकाळी गाउनवरच दूध घ्यायला येते." एवढंच. भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

घरात येऊन मोबाईलवर कॅमेरा उघडला आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. काकूंचं दार. दारातून आत दिसणारा झोपाळ्याचा कोपरा. त्यामागे देवघरातला दिवा. शेजारच्या घराची मोरीची खिडकी. आणि माझी स्कूटर? चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, तीही अर्धी.

त्या अर्ध्या स्कूटरने मला कामाला लावलं. लेन्स, कायदा, पासवर्ड, शेजार, सगळं थोडंथोडं वाचावं लागलं. त्यातलं जे घरी कॅमेरा लावणाऱ्याच्या कामाचं आहे ते इथे मांडतो.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर २.८ मिमी, ४ मिमी, ६ मिमी असा एक आकडा असतो. दुकानदार मेगापिक्सेलचं भरभरून सांगतो, पण शेजाऱ्याला भिडणारा आकडा हा. तो जितका लहान, तितकी कॅमेऱ्याची नजर पसरट. २.८ मिमीची लेन्स साधारण शंभर ते एकशेदहा अंशांत दिसेल ते सगळं घेते, ४ मिमीची ऐंशी-पंच्याऐंशी अंशांत, ६ मिमीची पन्नास-पंचावन्न अंशांत. आतल्या सेन्सरच्या मापाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. काहीच न विचारता लावून घेतला तर बहुतेक वेळा २.८ चाच लागतो, कारण 'जास्त दिसतं'.

आता आमच्या गल्लीचा हिशेब. १०५ अंशांची नजर तीन मीटरवरच्या भिंतीवर पडली की जवळजवळ पावणेआठ मीटर लांबीचा पट्टा झाकते. पोळीतली घरं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. त्यामुळे पावणेआठ मीटरमध्ये समोरचं घर पूर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे उंबरेही येतात. बरं, येतात ते किती स्पष्ट? अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर दृश्याच्या दर मीटरमागे २५० पिक्सेल हवेत, असं या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय मानक धरतं. ओळखीचा माणूस असेल तर १२५ पुरतात, आणि 'कोणीतरी आहे' एवढंच कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याच्या आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात. ते पावणेआठ मीटरवर वाटले की मीटरला २४७-२४८ पडतात. सगळ्यात स्वस्त कॅमेरासुद्धा, केवळ समोरासमोर लावल्यामुळे, काकूंच्या उंबऱ्यावर कोण आलं-गेलं ते पोलीस ओळखपरेडीइतकं नेमकं टिपत होता. त्यांच्याकडे तर सगळी ओळखीचीच माणसं.

यावरचा उपाय महाग नाही. कॅमेरा गल्लीला आडवा न रोखता आपल्याच भिंतीच्या कडेने, आपल्या ओट्यावर उतरता लावायचा. आणि ४ किंवा ६ मिमीची लेन्स घ्यायची. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्र उभं करायची सोय असते, म्हणजे कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून बसवायचा आणि सेटिंगमध्ये चित्र सरळ करून घ्यायचं. चौकट रुंद न राहता दारासारखी उंच होते. गल्लीबोळांसाठी ही सोय म्हणजे वरदान आहे आणि लावणारे ती कधीच सांगत नाहीत. मी लेन्स बदलून घेतली, कॅमेरा चार फूट बाजूला सरकवला. स्कूटर आता पूर्ण दिसते.

जुनी खिडकी

वाचताना मला सगळ्यात रंजक वाटलं ते हे, की आपल्याकडच्या न्यायालयांना हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच पडलेला आहे. फक्त तेव्हा वाद कॅमेऱ्याचा नव्हता, खिडकीचा होता.

१८६७ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असं मान्य केलं, की गुजरातच्या चालीप्रमाणे कोणालाही आपल्या घराला नवं दार, नवी खिडकी किंवा नवं भोक अशा जागी पाडता येत नाही, जिथून शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड राहणारा भाग दिसेल. जुनी खिडकी मोठीसुद्धा करता येत नाही. बडोदे तेव्हा गायकवाडांचं संस्थान, त्यामुळे मुंबईच्या निकालाची सत्ता इथे नव्हती, पण भिंतीला भिंत लागलेली वस्ती आणि तिची रीत इथेही तीच. पुढे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ज्याला वकील 'ईझमेंट्स अ‍ॅक्ट' म्हणतात, कलम १८ खाली हेच उदाहरण म्हणून छापलं गेलं: एखाद्या गावची रूढी असेल तर 'अ'ला हक्क मिळतो की 'ब'ने आपल्या घरात डोकावता येईल अशी नवी खिडकी काढू नये, आणि 'ब'लाही 'अ'विरुद्ध तोच हक्क मिळतो. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात सर जॉन एज यांच्यासमोर असाच खटला आला. तिथे एकाने नव्या घराला पडवी आणि दारं अशी काढली होती की शेजारच्या घरातला बायकांचा वावर दिसावा. त्या न्यायालयानेही रूढीने आलेला हा हक्क मानला.

यात गंमत अशी, की भिंत कोणाची हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. भिंत माझीच आहे, विटा माझ्या, पैसे माझे. प्रश्न एकच: तिथून दिसतं काय? आजही कॅमेऱ्यावरून भांडण झालं की पहिलं वाक्य येतं, "माझ्या भिंतीवर मी काहीही लावीन." ते उत्तर १८६७ मध्येही चाललं नव्हतं.

शब्दांत नेमकेपणा हवा म्हणून सांगतो: कॅमेरा म्हणजे 'खिडकी'च, असं या जुन्या कलमात लिहिलेलं नाही, आणि रूढी आहे हे प्रत्येक ठिकाणी सिद्ध करावं लागतं. ही तुलना माझी आहे. पण ती मला पटते, कारण कॅमेरा हा खिडकीपेक्षा तिखट आहे. खिडकीत माणूस उभा असेल तर समोरच्याला तो दिसतो, पदर सावरता येतो, दार लोटता येतं. खिडकी रात्री झोपते. खिडकीला काल काय पाहिलं ते आठवत नाही. कॅमेऱ्याच्या पलीकडे या क्षणी कोणी आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून सतत कोणीतरी आहे असंच धरून वागावं लागतं. काकूंनी ओटा सोडला तो मी त्यांना पाहिलं म्हणून नव्हे. मी पाहत असेन, म्हणून.

आजचा कायदा

थोडक्यात सांगतो, कारण कायद्याची भाषा आपल्या पोळीपेक्षा अरुंद आहे.

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच तो भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. हा पाया. पण या निकालाची प्रत दाखवून समोरच्याचा कॅमेरा उतरवता येत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऐकून होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात एक मोठी सूट आहे: एखादी व्यक्ती कोणत्याही वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते, तिला हा कायदा लागू नाही. घरच्या कॅमेऱ्याचा मालक म्हणेल, सुटलो. जरा थांबा. युरोपच्या कायद्यातही अशीच सूट आहे आणि तिथे हा प्रश्न वरच्या न्यायालयापर्यंत गेला होता. चेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाच्या घराच्या काचा पुन्हापुन्हा फुटत होत्या. त्याने छपराखाली कॅमेरा लावला. त्यात त्याचं दार, पुढचा रस्ता आणि समोरच्या घराचं दार एवढं येत होतं. काचा फोडणारे सापडले सुद्धा! पण त्यातल्या एकाने उलट तक्रार केली, की रस्त्यावर माझं चित्रण करायचा याला अधिकार काय? डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की कॅमेरा सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला असेल तर त्याला निव्वळ घरगुती म्हणता येत नाही. मात्र घराचं आणि कुटुंबाचं रक्षण हे कारण वजनदार आहे, तेही तोलून पाहायचं. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण 'घरगुती' या शब्दाची हद्द कुठे संपते हे समजायला इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. आणि हो, सोसायटी म्हणजे 'व्यक्ती' नव्हे. सोसायटीच्या कमिटीने लावलेले कॅमेरे या सुटीत बसतात असं कमिटीने धरून चालू नये.

फौजदारी बाजू अगदी ठरावीक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागांचं चित्र संमतीवाचून टिपणं, पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं याबद्दल आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीला तिच्या एकांतात, म्हणजे न्हाणीघरात, कपडे बदलताना वगैरे, चोरून पाहणं किंवा टिपणं याबद्दल आहे; पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं, पुन्हा केलं तर तीन ते सात. ओट्यावर बसलेल्या काकूंचं चित्रण या कशातच येत नाही. पण ती मोरीची खिडकी? ते वाचल्यावर मी त्याच रात्री शिडी लावली.

दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो आणि खरा मार्ग बहुधा तोच. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या घरात डोकावू देता येणार नाही. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयापुढे दोन भावांचं प्रकरण होतं, दोघे एकाच वास्तूत राहणारे. सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असा निकाल लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. वाड्यात, पोळीत वाटण्या होऊन वर-खाली राहणाऱ्या आपल्या घरांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सामाईक जिना, सामाईक चौक, आणि धाकट्या भावाने थोरल्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा, असं चित्र मी एकट्या रावपुऱ्यातच दोन ठिकाणी पाहिलंय.

गुजरात सरकारचा २०२२ चा कॅमेऱ्यांविषयीचा एक कायदा आहे, त्याचं नाव घेऊन लोक 'कॅमेरा तर सक्तीचा आहे' म्हणतात. तो हजार-हजार माणसं जिथे एकावेळी येतात अशा जागांसाठी आहे. तुमच्या ओट्यावर हजार माणसं येत असतील तर गोष्ट वेगळी.

काळी पट्टी

कॅमेरा सरकवायला जागाच नसते असंही होतं. खांब एकच, वायर तिथपर्यंतच. अशा वेळी सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' नावाची सोय शोधायची. चित्रावर बोटाने चौकट काढायची आणि तेवढा भाग काळा होतो. शेजाऱ्याचं दार, खिडकी, ओटा, जे आपलं नाही ते झाकायचं.

इथे एक घोळ हमखास होतो. 'मोशन झोन' किंवा 'अ‍ॅक्टिव्हिटी झोन' ही वेगळी चीज आहे. तिथे चौकट काढली तर त्या भागात हालचाल झाल्यावर मोबाईल वाजत नाही, एवढंच. चित्रण चालूच राहतं. माझ्या ओळखीतल्या एकाने शेजाऱ्याला शपथेवर सांगितलं होतं की तुमचा भाग बंद केलाय. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने बंद केली होती ती घंटी. खात्री करायची सोपी रीत म्हणजे कालचं रेकॉर्डिंग उघडून पाहायचं. थेट चित्रात काळं आणि रेकॉर्डिंगमध्येही काळं, तर मास्क खरा. आणि मान फिरणाऱ्या गोल कॅमेऱ्यात मास्क चौकटीबरोबर नीट सरकतो का तेही फिरवून बघायचं. स्वस्तातल्या काहींत कॅमेरा फिरला की पट्टी भलत्याच जागी जाते. खरं तर पोळीत फिरता कॅमेरा लावूच नये असं माझं मत आहे. स्थिर कॅमेऱ्याची नजर कुठे आहे ते समोरच्याला निदान दिसतं. फिरत्याच्या बाबतीत तुम्ही कितीही सांगा, कोणाचा विश्वास बसणार?

मास्क लावल्यावर शेजाऱ्याला घरी बोलावून, चहा देऊन, स्वतःच्या मोबाईलवर दाखवायचं. काकू आल्या, चष्मा लावून पाहिलं, म्हणाल्या, "आमचं घर काळं का केलंस?" समजावून सांगायला चहा दोनदा करावा लागला.

आवाजाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. वायफायच्या बहुतेक कॅमेऱ्यांत माईक असतो आणि तो बरेचदा आधीपासून चालू असतो. चित्र फार तर ओट्यापर्यंत पोचतं, आवाज दाराआडूनही येतो. कोण कोणाकडे उधार मागतंय, कोणाच्या मुलीचं कुठे चाललंय, दवाखान्यात काय सांगितलं, पोळीत हे सगळं ओट्यावरच बोललं जातं. २०२१ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयात दाराच्या घंटीतल्या कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांचा खटला झाला, तेव्हा न्यायाधीशांना चित्रापेक्षा आवाजाचं टिपण जास्त आक्षेपार्ह वाटलं होतं. पेट्रोलचोर बोलत नाही. सेटिंगमध्ये जाऊन माईक बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि दिवा. रात्री रंगीत चित्र देणारे कॅमेरे पांढरा झगझगीत दिवा लावतात. तीन मीटरच्या गल्लीत तो समोरच्याच्या झोपायच्या खोलीत पडतो. अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याचा साधा कॅमेरा घ्या, चित्र कृष्णधवल येईल पण चेहरा येतो.

कोण पाहतं, किती दिवस

इथवर मी कॅमेऱ्याच्या नजरेबद्दल बोललो. पण खरा धोका कित्येकदा कॅमेऱ्याच्या मालकाचाही नसतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांचं चित्रण बाहेर फुटून इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पासवर्ड 'अ‍ॅडमिन १२३' या धर्तीचा, कंपनीने दिलेला, कोणी न बदललेला, असं नंतर बातम्यांत आलं. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची एक छोटी यादी होती, बाकी काही नाही. म्हणजे मी काकूंच्या दारावर नजर ठेवणार नाही अशी कितीही शपथ घेतली, तरी पासवर्ड तोच ठेवला तर ती नजर मी भलत्याच कोणाला भाड्याने दिलेली असते. पासवर्ड बदला, कॅमेऱ्याचं अपडेट येतं ते घ्या, आणि लावणाऱ्या पोराच्या मोबाईलमधून आपला कॅमेरा काढायला लावा. हे शेवटचं मला तीन महिन्यांनी सुचलं. तोवर त्याच्या मोबाईलमध्ये आमच्या पोळीसारखी पंधरा-वीस घरं होती, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

किती दिवस साठवायचं? हिशेब करून पाहा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटच्या गतीने चोवीस तास लिहीत राहिला तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. एक टीबीच्या डिस्कवर एकाच कॅमेऱ्याचे दीड महिने मावतात, चार कॅमेऱ्यांचे अकरा-बारा दिवस. मावतंय म्हणून ठेवायचं असं नाही. पेट्रोल गेलं हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. गावाला जाऊन आलो तर आठवड्याने. मी दहा दिवस ठेवतो, त्यापुढचं आपोआप पुसलं जातं. काकू कोणत्या चतुर्थीला कोणती साडी नेसल्या होत्या हे माझ्या कपाटातल्या डिस्कवर असायचं काय कारण?

चोरी झालीच तर मोह होतो तो पोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लिप टाकण्याचा. 'ओळखा पाहू कोण!' असं लिहून. आमच्याकडे एकदा असं झालं, आणि क्लिपमधला मुलगा निघाला कुरिअरवाला, जो चुकीच्या दारात घुटमळत होता. दोन दिवस त्याला कोणी उभं करेना. क्लिप पोलिसांना द्या. तपासात त्यांना वस्तू किंवा दस्तऐवज मागवायचा अधिकार आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तशी लेखी नोटीस येऊ शकते. न्यायालयात पुरावा म्हणून जायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ रेकॉर्डिंग कापाकापी न करता ठेवायचं. ग्रुपवरून फिरून आलेल्या क्लिपला तिथे फारशी किंमत नसते.

आता उलट बाजू. कॅमेरा तुमचा नाही, समोरच्याचा आहे आणि तो तुमच्या दारावर रोखलाय. पहिली गोष्ट, त्यावर कापड टाकायला किंवा वायर कापायला जाऊ नका, उगाच तुम्हीच आरोपी व्हाल. जाऊन सांगा, "जरा दाखवता का, आमचं किती येतं ते?" बहुतेकांनी स्वतः पाहिलेलंच नसतं, माझ्यासारखं. दाखवलं तर निम्मं काम झालं. मास्क म्हणजे काय ते माहीत नसेल तर तुम्हीच लावून द्या. नाहीच म्हणाले तर आपल्या दारातून त्या कॅमेऱ्याचे तारखेसह फोटो घ्या, सोसायटी असेल तर कमिटीला आणि नसेल तर त्यांनाच पत्र लिहा, पोच घ्या. न्हाणीघर, झोपायची खोली यांवर रोख असेल तर चर्चा करत बसू नका, पोलिसांत जा. बाकी प्रकरणात वकील, दिवाणी न्यायालय. तो रस्ता लांबचा, म्हणून चहाचा रस्ता आधी पूर्ण चालून पाहायचा.

उत्तरायणाचा, म्हणजे आपल्या संक्रांतीचा, वेगळा विचार करावा लागतो. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण, दोन दिवस सगळं बडोदं पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, असतं. लेकी-सुना, पाहुणे, नव्याने जमलेली जोडपी, उंधियो आणि जिलबी. एरवी रिकामी असलेली शेजारची अगाशी त्या दिवशी दिवाणखाना होते. आमच्या अगाशीवर पाण्याच्या टाकीसाठी एक कॅमेरा आहे. (नळाच्या तोट्या चोरीला जातात, हसू नका.) तो मी १३ तारखेच्या रात्री बंद करतो आणि सगळ्यांना दिसेल असं त्यावर कापडी पिशवी घालतो. मोबाईलमधून बंद केलाय हे कोणाला दिसत नाही, पिशवी दिसते.

काकू आता पुन्हा ओट्यावर बसतात. मागच्या महिन्यात सकाळी सात वाजता त्यांनीच दार वाजवलं. दोन दिवस त्यांची दुधाची पिशवी उंबऱ्यावरून गायब होत होती. "तुझ्या त्या डब्यात बघ जरा, कोण नेतंय ते." मी उघडून दाखवलं. दूधवाला येताना दिसतो, काळ्या चौकटीत शिरतो, बाहेर पडतो. मग एक मांजर चौकटीत शिरते. मग कोणाचे तरी पाय. पिशवीचं जे काय होतं ते सगळं काळ्या चौकटीच्या आत.

काकूंनी जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "असं कर, ती तुझी पट्टी खालून थोडी वर घे. पायरीपुरती. दार नको दिसायला."

घेतली वर. मांजरच होती.